घरबसल्या पगार कसला?

ग्वाल्हेर, ८ जानेवारी २०२६

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. अमेरिकेत येत्या ३० जानेवारीनंतर सरकार पुन्हा बंद पडण्याची शक्यता आहे, त्यावर ते लिहितात की तिथल्या सरकारी नोकरांची चंगळ आहे; महिना-दीड महिना घरी लोळायचं आणि बंद संपला की मागचा सगळा पगार एकरकमी खिशात घालायचा. पत्र खुमासदार होतं, हसूही आलं. पण या गृहस्थांनी पगाराशिवाय एखादा महिना कधी काढलेला नसावा, किंवा काढला असेल तर तेव्हा घरखर्चाची वही दुसऱ्याच कोणाच्या हातात असावी.

मी इथल्या एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखाकार कार्यालयातून, निवृत्त झाले. उभी नोकरी राज्य कर्मचाऱ्यांच्या जीपीएफची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची, खाती आणि पेन्शनच्या फायली यांत गेली. दुसऱ्याचा पैसा कुठे, कोणत्या सहीवाचून अडतो हे बघता बघता चष्म्याचा नंबर वाढला. शिवाय माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, मेरीलँडमध्ये राहतो, तिथला नागरिक झालाय आणि केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला आहे. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला ४३ दिवसांचा बंद आमच्या घराने फोनवरून का होईना, पण पुरता अनुभवला. त्याबद्दल, आणि ओघाने आपल्या इकडच्याबद्दल, लिहिते आहे. पत्र लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त आकडे कापू नका.

आधी हे घडतं कसं ते सांगते, कारण त्यातच सगळी मेख आहे. विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून दमडी काढायची नाही हा नियम त्यांच्याकडे आहे तसाच आपल्याकडेही आहे. केंद्रासाठी आपल्या घटनेचं ११४ वं कलम, राज्यांसाठी २०४ वं. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला लागतं आणि तोवर खर्चाची बारा विधेयकं मंजूर व्हावी लागतात. १९९६ नंतर ती सगळी वेळेत मंजूर झाली असं एकदाही घडलेलं नाही! दरवर्षी तात्पुरती मुदतवाढ घेऊन गाडी ढकलायची, आणि मुदतवाढीवरही जुळलं नाही की बंद. पूर्वी मंजुरी लांबली तरी खाती चालू राहत, पैसे मागाहून मंजूर होतील या भरवशावर. १९८० साली त्यांचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एका जुन्या कायद्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं की मंजुरी नसताना काम चालू ठेवणं हेच मुळी बेकायदा आहे. पुढे जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची कामं तेवढी त्यातून वगळली. तेव्हापासून हा खेळ. १९९५-९६ मध्ये सलग २१ दिवस, २०१३ मध्ये १६, २०१८-१९ मध्ये ३५ आणि आता हा ४३ दिवसांचा.

आपल्याकडे मार्चअखेर अर्थसंकल्प पुरता मंजूर झाला नाही तर लेखानुदान घेतात, म्हणजे तोवरच्या खर्चाला आगाऊ मंजुरी, घटनेतच सोय आहे. आणि सरकार पैशाच्या विधेयकावर सभागृहात हरलंच, तर सरकार जातं. बाबूचा पगार जात नाही. उत्तराखंडात २०१६ च्या मार्चमध्ये विनियोजन विधेयकावरूनच, म्हणजे तिजोरीतून खर्च काढायला मंजुरी देणाऱ्या विधेयकावरूनच, केवढं रणकंदन झालं, राष्ट्रपती राजवट लागली. पण १ एप्रिलपासूनच्या खर्चासाठी केंद्राने अध्यादेश काढला आणि कारभार चालू राहिला. भांडण पुढाऱ्यांचं असेल तर त्याची झळ पुढाऱ्यांच्या खुर्चीला लागावी, शिपायाच्या चुलीला नव्हे. या एका बाबतीत आपली व्यवस्था सरस आहे असं मी हिशेबी माणूस म्हणून म्हणते. ऊठसूट आपलं ते उत्तम म्हणणाऱ्यांतली मी नाही, ते पुढे दिसेलच.

आता 'घरबसल्या'चं बघू. या बंदमध्ये चौदा लाखांच्या आसपास सरकारी नोकरांचा पगार थांबला होता. त्यातले निम्म्याहून जास्त घरी नव्हतेच, रोज कामावर होते. विमानतळावर सामान तपासणारे, विमानांना आकाशात वाट दाखवणारे, तुरुंगांचे पहारेकरी, सगळे. विमान नियंत्रकांपैकी काही ड्यूटी संपल्यावर टॅक्सी चालवत होते. नोव्हेंबरात माणसं इतकी कमी पडली की चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सरकारलाच कापावी लागली. माझा भाचाही या बिनपगारी हजेरीवाल्यांतला. त्यांच्याकडे पगार दर पंधरवड्याला होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सप्टेंबरच्या दिवसांपुरता अर्धामुर्धा पगार पडला. पुढचे दोन्ही पंधरवडे कोरे. पगाराची स्लिप मात्र वेळेवर आली, त्यात काही कसूर नाही. "मावशी, खाली बेरजेत शून्य छापलंय, वर माझं नाव बरोबर आहे," असं म्हणून तो हसला. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

त्याच्या घरातलं गणित असं. घराच्या कर्जाचा हप्ता एक तारखेला, पंधरापर्यंत सवलत, सोळाव्या दिवसापासून दंड. गाडीचा हप्ता वेगळा, विमा वेगळा. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पाळणाघर. मुलगी तीन वर्षांची आहे, सून एका शाळेत अर्धवेळ काम करते. पाळणाघराची फी आठवड्याला द्यावी लागते आणि ती चुकली तर जागा दुसऱ्या मुलाला जाते. यादीत नाव लावून वाट बघणारी मंडळी असतातच. मुलीला घरी ठेवावं तर याने कामावर कसं जायचं? आणि कामावर जाणं सक्तीचं, न गेल्यास गैरहजेरी. म्हणजे बघा, बिनपगारी कामाला जाता यावं म्हणून हा माणूस पदरचे पैसे भरून मुलीला पाळणाघरात ठेवत होता आणि पदरच्याच पैशाने गाडीत पेट्रोल घालत होता. याला आपले पत्रलेखक चंगळ म्हणतात.

एक शहाणपण त्याने केलं. हप्ता चुकायची वाट न बघता ऑक्टोबरच्या दुसऱ्याच आठवड्यात कर्ज देणाऱ्या बँकेला फोन लावला. त्यांनी दोन हप्ते पुढे ढकलून दिले, माफ नव्हे, नुसते पुढे. तो एका पतसंस्थेचा सभासद आहे, तिने पगाराच्या बदल्यात बिनव्याजी उचल दिली. अशा सोयी तिथल्या बऱ्याच पतसंस्थांनी आणि काही बँकांनी केल्या होत्या. पण त्या कोणाला? ज्याचा पगार आधीपासून त्यांच्याकडे जमा होतो, त्याला. ज्याचं खातंच धड नाही त्याला कोण देणार?

"मिळणारच होता की मागाहून," असं कोणी म्हणेल. हो, २०१९ च्या जानेवारीत त्यांनी कायदाच केला की बंदच्या काळातला पगार नंतर द्यायचा. पण गेल्या ऑक्टोबरात, बंद ऐन भरात असताना, सरकारातूनच अशी भाषा सुरू झाली की घरी बसवलेल्यांना तो पगार आपोआप मिळेलच असं काही नाही. त्याच सुमारास सुमारे चार हजार जणांना नोकरीवरून काढण्याच्या नोटिसा गेल्या. नोव्हेंबरच्या तडजोडीत पगारही देऊ केला आणि त्या नोटिसाही मागे घेतल्या, हे खरं. पण मधले ते आठवडे या लोकांनी 'मिळणारच आहे' अशा निश्चिंतीत काढलेले नाहीत. भाचा रात्री अडीच वाजता जागा असायचा. आमची तेव्हा दुपार असते, म्हणून कळायचं.

इकडे माझ्या बहिणीची निराळीच तऱ्हा. एके दिवशी सकाळीच प्लॅस्टिकच्या पिशवीत एफडीची पावती घालून माझ्याकडे हजर. "ताई, मोडू का? पाठवता येतील ना त्याला?" मेहुण्यांच्या मागे तिची तीच काय ती पुंजी. मी म्हटलं, आधी विचारून तर येऊ. इथल्या बाड्यावरच्या, म्हणजे बाजारातल्या मोठ्या चौकातल्या, तिच्या बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी चांगली होती, नीट समजावून सांगितलं. मुदतीआधी मोडली तर व्याजाचा दर एक टक्क्याने उतरेल. परदेशी पाठवायचे तर ए-टू फॉर्म भरावा लागेल, पॅन लागेल, कारण लिहावं लागेल: नातेवाइकास भेट. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, असंही ती म्हणाली. अडीच लाख डॉलर! बहिणीची एफडी सव्वातीन लाख रुपयांची. दोघी बाहेर येऊन पोस्ट ऑफिसच्या पायरीशी उभ्या राहून हसलो. रात्री तिने भाच्याला सांगितलं तर तो जवळजवळ ओरडलाच, "आई, तुझी एफडी मोडून मी अमेरिकन सरकारचं काम चालवू?" तेव्हा कुठे पावती परत कपाटात गेली. पण तो दर महिन्याला तिला जे पैसे पाठवतो ते दोन महिने आले नाहीत, आणि ते तिने मला डिसेंबरात सांगितलं. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या भांडणाची थोडी झळ इथल्या नई सडकेवरच्या औषधाच्या दुकानातल्या उधारीलाही लागली.

हे सगळं पक्क्या नोकरीवाल्यांचं झालं. माझ्या मते खरी गोष्ट त्यांच्या खालच्या पायरीवर आहे. भाच्याच्या ऑफिसच्या इमारतीत कॅन्टीन आहे, दारावर गार्ड आहेत, रात्री झाडलोट करणाऱ्या बायका आहेत. ही सगळी माणसं ठेकेदाराची. काम सरकारच्या इमारतीत, पण पगार ठेकेदाराकडून. कॅन्टीन ४३ दिवस बंद, म्हणून गल्ल्यावरच्या बाईंचा ४३ दिवसांचा पगार बंद. बंद संपला, भाच्याला मागचे सगळे पैसे आले. त्या बाईंना एक सेंट नाही, कारण २०१९ चा तो कायदा फक्त सरकारी नोकरांना लागू आहे. ठेकेदारांच्या माणसांना भरपाई द्यावी म्हणून तिथे विधेयकं मांडली जातात, पण कायदा होत नाही. त्या बाई आता संध्याकाळी एका दुकानात फळ्यांवर सामान लावायचं दुसरं काम करतात, थकलेलं घरभाडं फिटेपर्यंत. भाचा म्हणाला, "मावशी, त्यांच्यासमोर पगार झाल्याचं बोलायची लाज वाटते."

आणि या काळात पगार कोणाचा थांबत नाही? ज्यांच्या भांडणामुळे हे होतं, त्या खासदारांचा. त्यांचं वेतन घटनेनेच बांधलेलं आहे. काही जण लोकलाजेस्तव घेत नाहीत किंवा दान करतात, पण थांबत कोणाचंच नाही. नोव्हेंबरच्या तडजोडीत जी तीन विधेयकं पूर्ण वर्षासाठी मंजूर झाली त्यांत शेती आणि माजी सैनिकांच्या खात्यांबरोबर संसदेच्या स्वतःच्या कारभाराचंही विधेयक आहे. हे वाचून मला फार मौज वाटली. बाकीच्यांना ३० जानेवारीची तारीख, भाच्याच्या खात्यालाही.

उशिराबद्दल व्याज-भरपाई तरी मिळावी की नाही? २०१३ च्या बंदनंतर काही कर्मचारी न्यायालयात गेले होते, पगार वेळेवर न दिल्याची भरपाई मागायला, आणि ती मान्य झाली. पण २०१८-१९ च्या बंदबद्दल तसाच दावा केला तेव्हा २०२२ मध्ये अपील न्यायालयाने उलटा निकाल दिला: मंजुरीच नसल्यामुळे सरकारला पैसे देता येत नव्हते, म्हणून तो कामगार कायद्याचा भंग नाही. कायद्याच्या दृष्टीने असेल बरोबर. पण क्रेडिट कार्डावरचं व्याज भाच्याने भरलं ते भरलंच.

आमच्या विभागात पेन्शन अडकलेली माणसं काउंटरवर यायची. त्यांना "एरियरसकट मिळेल", म्हणजे मागच्या थकबाकीसह, असं सांगायची पद्धत होती. एकदा भिंडकडच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी शांतपणे उत्तर दिलं, "मॅडम, दूधवाला एरियर नहीं लेता." आपल्या पत्रलेखकांना हेच सांगायचं आहे. आलेल्या पैशाइतकीच तो येण्याची तारीखही महत्त्वाची असते, आणि ती तारीख चुकवल्याची किंमत चुकवणारा कधीच मोजत नाही.

अमेरिकेचं इतकं पुराण लावलं ते दुसऱ्याच्या घरात डोकावायला नव्हे. मघाशी म्हटलं की आपल्याकडे सरकार बंद पडत नाही. पक्क्या नोकरांपुरतं ते खरं आहे. फार तर मार्चचा पगार एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी मिळतो, तेवढ्यानेही आमच्या कॅन्टीनवाल्याची वही फुगायची. (आम्हा पेन्शनरांचा कोविडमधला अठरा महिन्यांचा महागाई भत्ता गोठला तो गोठलाच, ते दुखणं वेगळं. त्यावर दुसरं पत्र लिहीन.) पण ठेक्यावरच्या माणसांसाठी आपल्याकडे दरवर्षी छोटा बंद होतो. त्याला कोणी शटडाऊन म्हणत नाही आणि टीव्हीवर त्याचे दिवस मोजले जात नाहीत, एवढाच फरक.

दौलतगंजात आमच्या वाड्यात एक मुलगा राहतो. मला काकू म्हणतो. एका सरकारी दफ्तरात संगणक ऑपरेटर आहे, आउटसोर्सवर. बसतो सरकारच्या खुर्चीवर, टाइप करतो सरकारचे कागद, पण तो नोकर एजन्सीचा. हातात तेरा हजारांच्या आसपास पडतात. गेल्या एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं, आणि मग नेहमीचं: एजन्सीची मुदतवाढ फायलीत, "ऊपर से आवंटन नहीं आया", म्हणजे वरून पैसे वाटून आलेले नाहीत. एप्रिलचा पगार मेमध्ये नाही, मेचा जूनच्या पहिल्या आठवड्यात नाही. दोन्ही मिळून जूनअखेर आले. या सगळ्या काळात मुलगा रोज दहाला हजर, कारण एक दिवस चुकला तर जागेवर दुसरा बसवतील. हे तेच बिनपगारी हजेरीचं काम, मेरीलँडसारखंच, फक्त मागे २०१९ सारखा कायदा नाही आणि पतसंस्थेची बिनव्याजी उचलही नाही.

त्याच्या मोबाइलवरचे बँकेचे मेसेज त्याने मला दाखवले. स्कूटीचा हप्ता पाच तारखेला आपोआप कापला जातो. खात्यात पैसे नाहीत, हप्ता परत. बँकेचा दंड पाचशे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. फायनान्स कंपनीने त्यांच्याकडचे ५९० वेगळे लावले. असं दोन महिने, म्हणून एकूण २,३६०. घरखर्चाला बायकोच्या कानातले गहाण ठेवून वीस हजार घेतले, दोन महिन्यांचं व्याज सहाशे. भाड्याला कमी पडले म्हणून बाजारातून पाच हजार उचलले, महिना दहा टक्क्यांनी, त्याचे हजार. मी कागद घेऊन बेरीज केली: ३,९६०. जूनअखेर पगार आला तो अगदी चोख, एक रुपया कमी नाही. एक रुपया जास्तही नाही. सरकारच्या वहीत त्या मुलाला काहीही तोटा झालेला नाही. प्रत्यक्षात तेरा हजारांतले जवळजवळ चार हजार त्या उशिराने खाल्ले, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला तो निराळाच. २०२५ पासून कर्जदाराची माहिती दर पंधरा दिवसांनी तिकडे कळवली जाऊ लागली, त्यामुळे चूक लपतही नाही.

असा तो एकटा नाही. संविदावाले म्हणजे करारावरचे, अतिथी शिक्षक, इस्पितळातले सफाई कामगार, पंप ऑपरेटर, कोणालाही एप्रिल-मेमध्ये विचारा.

कायदा नाही असंही नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, हे आपल्याकडे १९३६ पासून कायद्यात आहे (हजार किंवा जास्त कामगार असतील तर दहा तारीख होती). २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली, त्यात सगळ्यांनाच सात तारीख केली आहे. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मूळ मालकाने द्यावेत आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावेत, ही तरतूद १९७० च्या ठेका कामगार कायद्यातही होती. मग अडतं कुठे? सरकार स्वतःच मूळ मालक असलं की अडतं. विभाग म्हणतो पैसे ठेकेदाराने द्यायचे, आमचं बिल निघेल तेव्हा निघेल. ठेकेदार म्हणतो बिल निघालं की देतो. दोघांच्या मधे तो मुलगा. तक्रार कोणाविरुद्ध करायची? ज्या दफ्तरात उद्या दहाला जाऊन बसायचं आहे, त्याच्याविरुद्ध?

उशीर किती लांबू शकतो त्याचं आपल्या मध्य प्रदेशातलं टोकाचं उदाहरण इंदूरचं. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये मिळायची वेळ आली ती २०२३ च्या डिसेंबरात. सुमारे ४,८०० कामगारांचे ते पैसे होते, आणि त्यांतले कित्येक तोवर वारले होते. घेणारे हात त्यांच्या विधवांचे आणि मुलांचे होते. ती खासगी गिरणी, तिची कारणं वेगळी, मान्य. पण 'मिळाले ना शेवटी' हा शब्दप्रयोग तिथे कोणी करून दाखवावा.

आता ज्यांची मुलं-भाचे अमेरिकेत आहेत, अशी घरं आपल्या वाचकांत पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. बंद झाला तरी सामाजिक सुरक्षेची पेन्शन आणि टपाल चालू राहतं. व्हिसाचं काम बरंचसं फीवर चालतं म्हणून तेही चालतं, मात्र एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी लागणारं तिथल्या कामगार खात्याचं प्रमाणपत्र गेल्या बंदमध्ये अडकलं होतं, तेव्हा नोकरी बदलणाऱ्यांनी अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. सरकारी नोकरीत असलेल्यांनी बँकेला फोन हप्ता चुकण्याआधी करावा. चुकल्यावर केलेल्या फोनला निराळा माणूस निराळ्या आवाजात उत्तर देतो. आणि इथल्या आयांनी एफडी मोडू नये.

तोच सल्ला मी वाड्यातल्या मुलालाही दिला. हप्त्याची तारीख पाच आहे ती लेखी अर्ज करून पंधरा करून घे. दंड लावलाच तर तो मूळ रकमेत मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम एप्रिल २०२४ पासून आहे, तेव्हा पावती मागून बघ. एप्रिल-मेच्या नावाने आतापासून महिना हजार बाजूला टाक. तो म्हणाला, "काकू, तेरा हजारांतून?" मी गप्प बसले नाही, पाचशे टाक म्हटलं. पण त्याच्या प्रश्नात दम आहे हे मलाही कळतं. सरकारच्या आळसाची तरतूद त्याने स्वतःच्या तेरा हजारांतून का करायची?

म्हणून विनंती सरकारला आहे, आणि त्याआधी आपल्याला. ठेक्यावरच्या लोकांच्या पगाराचं आवंटन फेब्रुवारीतच मागवून ठेवणं अशक्य नाही. लेखानुदान असो वा पूर्ण अर्थसंकल्प, एप्रिलच्या पगाराचे पैसे विधानसभा मार्चमध्ये मंजूर करतेच. ते दफ्तरापर्यंत पोचायला जून उजाडतो तो टेबलांवरच्या मुक्कामामुळे, हे मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलेलं आहे. शिवाय ठेक्याच्या करारात एक ओळ घालावी: सात तारीख चुकली तर कामगाराला बसलेला बँकेचा दंड विभाग भरेल. एकदा दोनशे कामगारांचे ५९० विभागाच्या खर्चात दिसले, की लेखापरीक्षक विचारतील कशाबद्दल, आणि मग फाइल हलेल. आमच्या लोकांना असले प्रश्न विचारायला फार आवडतं.

आपण वॉशिंग्टनच्या बंदला पहिल्या पानावर जागा देता, जरूर द्यावी, ३० तारखेला माझंही लक्ष तिकडेच असणार आहे. पण येत्या ८ मे रोजी, म्हणजे एप्रिलच्या पगाराची तारीख उलटल्यावर, आपल्या इथल्या वार्ताहराला मोतीमहालाच्या आसपासच्या चार-दोन सरकारी दफ्तरांत पाठवावं. साहेबांना भेटू नये. दारावरचा गार्ड, झाडणारी बाई आणि संगणकावर बसलेला मुलगा, या तिघांना एवढंच विचारावं: काल पैसे पडले का? उत्तरं येतील ती तशीच छापावीत.

आपली,
एक निवृत्त लेखाधिकारी
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर